ओली वाळू समुद्राची

सुमन, आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू उठून गेलीस. असं तू कधी केलं नव्हतंस. भाजी करपली तरी चालेल, पण भांडण तडीस न्यायचीस.

भांडण कुठलं ते तुला सांगायला नको. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे छापणार आहेत, म्हणून बाकीच्यांसाठी सांगतो. मी कराडच्या बाजूचा. कारखान्याच्या बदलीनं अडतीस वर्षांपूर्वी या तमिळ मुलखात, आवडी गावाला, येऊन पडलो. आल्या दिवसापासून म्हणत होतो, रिटायर झालो की दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं आणि गाव गाठायचं. पहिली दोन वर्षं तू हो म्हणालीस. मग नाही म्हणायला लागलीस ती शेवटपर्यंत. मी रिटायर होऊन बारा वर्षं झाली आणि अजून आवडीतच आहे. म्हणजे कोण जिंकत होतं ते दिसतंयच.

मंडळाच्या बाईंनी एक कागद दिला होता. जन्म कुठं, शिक्षण किती, आवडी काय, स्वभाव कसा. स्वभावापुढं 'मनमिळाऊ' असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. मी खोडलं. तू बोलकी होतीस. बोलकं माणूस मनमिळाऊच असतं असं कुठं आहे? कागद तसाच परत दिला. म्हटलं, मी सातवी शिकलेला माणूस, मला लेख येत नाही, भांडण येतं. तेच लिहितो.

तर, प्रकाश रविवारी येतोय. आपला लेक तेराव्यालाच म्हणाला, "अप्पा, आता इथं काय आहे तुमचं? पुण्याला चला." पुण्यातनं गाव चार तासांवर, मनात येईल तेव्हा जा म्हणाला. इथल्या घराला भाडेकरू बघून ठेवलाय. तिकीट काढलंय, खालचा बर्थ. रविवारी तो येणार, सोमवारी आम्ही निघणार. मी हो म्हणून बसलो. अडवायला आहे कोण? अडतीस वर्षं जे मागत होतो ते पोरानं आणून हातात दिलं.

पण परवा बॅग भरायला घेतली आणि दोन सदऱ्यांच्या पुढं हात चालेना. का चालेना ते सांगायचं तर मशीनपासून सांगायला लागेल.

तुला आठवत असेल, दामोदरन ते मशीन घेऊन आला तेव्हा तू दारातच म्हणालीस, "ही भंगारवाल्याची काठी इथं कशाला?" दामोदरन माझ्या शेजारच्या लेथवरचा. त्याच्या पोरानं दुबईहून आणलेलं, जमिनीतला धातू शोधायचं मशीन. काठीला खाली ताटलीएवढी चकती, वर एक डबी, तिला दोन बटणं, आणि कानाला लावायचं एक यंत्र. दामोदरन घर बदलत होता, त्याला ठेवायला जागा नव्हती. म्हणाला, "तू घे. रिटायर माणूस, समुद्रावर जा, नाणी शोध." मला ते एकदम पटलं. छत्तीस वर्षं धातू कापला, आता धातू शोधू. तू म्हणालीस, "घरात चष्मा सापडत नाही, वाळूत नाणं सापडणार?"

पण आलीस बरोबर. म्हटलं तर चेष्टा करायला आलीस. म्हटलं तर मला तमिळ येत नव्हतं म्हणून आलीस. सोमवार हा वारही तूच काढलास. रविवारी सगळं शहर मरीनाच्या चौपाटीवर लोळतं, खिशातनं पडायचं ते रविवारीच पडतं, म्हणजे उचलायला सोमवारी सकाळी जायला पाहिजे. मशीन माझं, अक्कल तुझी. आवडीहून पहिल्या गाड्यांपैकी एक, सेंट्रलला उतरून बस, आणि ऊन चढायच्या आत आपण वाळूवर.

पहिल्या सोमवारी मी कारखान्याचे बूट घालून आलो. तू विचारलंस, "हे कशाला?" मी म्हणालो, "कामाला जायचं तर कामाचे बूट." तुला ते पटलं नाही, पण गाडी चुकायला नको म्हणून गप्प बसलीस. मुत्तुलक्ष्मीच्या इडलीच्या गाडीजवळ पेपर पसरून तू बसलीस आणि मी मशीन फिरवायला लागलो. पहिल्याच फेरीला मशीन बोंबललं! खणलं. काही नाही. पाऊल पुढं टाकलं, परत बोंबललं. परत खणलं. अर्ध्या तासात वाळूत एवढे खड्डे केले की पळायला आलेली माणसं मला वळसा घालून जायला लागली. मशीन ओरडतंय, खाली काही नाही. मी म्हटलं, माल खोल आहे. गुडघाभर गेलो.

शेवटी मुत्तुलक्ष्मी गाडी सोडून आली. हातात सांबाराचा डाव. वाकली आणि माझ्या बुटाच्या नाकावर डाव हाणला. टण्ण.

"ताता," म्हणाली, म्हणजे आजोबा, "इरुंबू!" म्हणजे लोखंड.

कारखान्याचे बूट. वरनं काही पडलं तर बोटं शाबूत राहावीत म्हणून पुढं पोलादी टोपी असते. छत्तीस वर्षं घालून सुद्धा मला ते आठवलं नाही. मुत्तुलक्ष्मी हसत हसत खालीच बसली. आणि तू पेपरवरनं ओरडलीस, "अहो, सकाळपासून स्वतःचंच पाऊल शोधताय होय?" मला राग आला होता. आता सांगतो, राग बुटांचा आला होता, तुझा नाही. तुला हसताना बघून बरं वाटलं होतं. हे तेव्हा सांगायला काय झालं होतं मला, कुणास ठाऊक.

दुसऱ्या सोमवारी अनवाणी आलो. त्या दिवशी दुसरंच झालं. मशीनच्या डबीवर एक बटण आहे. ते फिरवलं की लोखंडाला मशीन ओरडत नाही, म्हणजे खिळे, पत्र्याचे तुकडे यांचा त्रास नको. मी म्हटलं, लोखंड आपण बघितलं छत्तीस वर्षं, आता नको. बटण शेवटपर्यंत फिरवलं. दोन तासात काय मिळालं? चॉकलेटची चांदी. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या कड्या. नाणं एक नाही. तू पर्समधला रुपया काढून पेपरखाली ठेवलास आणि म्हणालीस, "इथं फिरवा." फिरवलं. मशीन गप्प. मी म्हणालो, "बिघडलंय. दामोदरननं फसवलं."

घरी आलो तर तू चप्पल काढायच्या आधी शिवणाच्या डब्यातलं चुंबक आणलंस. सांडलेल्या सुया उचलायला मीच कधी तरी दिलेलं. त्याला रुपया लावलास. चिकटला. दोनाचं नाणं लावलंस, तेही चिकटलं.

"छत्तीस वर्षं लोखंडात काढली," तू म्हणालीस, "आणि खिशातला रुपया कशाचा ते ठाऊक नाही!"

रुपया पोलादाचा. मशीनला मीच सांगून ठेवलं होतं की पोलाद दिसलं तर गप्प बस. बिचारं गप्प बसलं. तू सेल्वीला हाक मारून हे सांगितलंस. खालच्या मजल्यावरची सेल्वी, ती तिच्या ऑफिसात सांगून आली. आठवडाभर जिन्यात मला बघितलं की लोक हसायचे.

मग तिसरा सोमवार. बटण उलटं फिरवलेलं. आइसक्रीमच्या गाड्या उभ्या राहतात तिथं कोरड्या वाळूत कानात एक बारीक, स्वच्छ आवाज आला. आडवं फिरवलं तरी आला, उभं फिरवलं तरी तिथंच आला. भाजी धुवायची प्लॅस्टिकची टोपली खुपसून वाळू उचलली आणि हलवली. हो, तुझी टोपली, न विचारता आणलेली. वाळू गळून गेली आणि तळाला दोनाचं नाणं राहिलं. काळं पडलेलं. मी "सापडलं!" म्हणून असा ओरडलो की एक माणूस व्यायाम थांबवून बघायला लागला. माझ्या हातातनं लाखोंचा माल गेला असेल, सुमन, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या चुकीनं घडवलेला जॉब फुकट जायचा असली कामं मी केली. पण कुठल्या जॉबचा असा आनंद झाला नव्हता. कुणी तरी रविवारी इथं आइसक्रीम खाल्लं, त्याच्या खिशातनं हे पडलं, आणि समुद्राच्या एवढ्या वाळूत ते मला मिळालं.

तू म्हणालीस, "हळू. सोनं नाही ते." पण नाणं घेऊन पदराला पुसलंस आणि पदराच्या गाठीत बांधलंस. मी बघितलं.

ओल्या वाळूचं भांडण चौथ्या सोमवारचं. पाण्याच्या कडेनं लोक वाडवडिलांना पाणी सोडायला येतात, अस्थी घेऊन येतात. त्याच्याबरोबर नाणी सोडतात. तिथं मशीन न्यायचं म्हणून मी निघालो तर तू उठून आडवी आलीस.

"तिथं नाही जायचं."

"का?"

"ते समुद्राला दिलेलं आहे."

"समुद्रानंच परत फेकलंय की काठावर."

"समुद्रानं फेकलं ते वाळूला दिलं. तुम्हाला कुठं दिलं?"

"मग कोरड्या वाळूतलं मला कुणी दिलं?"

"ते पडलेलं आहे. पडलेलं आणि सोडलेलं यात फरक आहे."

"मशीनला कसा कळणार फरक?"

"मशीनला नका विचारू. तुम्हाला कळतो ना?"

मुत्तुलक्ष्मीला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण ती तुझ्या बाजूनं मान हलवत होती. शेवटी नियम तू केलास. कोरडी वाळू आपली, ओली वाळू समुद्राची. मी तो पाळला, पण कुरकुरत पाळला. भरती आली की कोरडी वाळू ओली होते, ओहोटीला ओली कोरडी होते, मग रेघ कुठं ओढायची, असं मी तुला दर सोमवारी विचारायचो. तू म्हणायचीस, "पाय भिजले की थांबा." एवढं सोपं.

एक गोष्ट मला तेव्हा खटकायची. मशीन बघून लोक जवळ यायचे. हे काय, किती खोल जातं, माझं कानातलं पडलंय शोधता का. सगळं तमिळमध्ये. मी सवयीनं तुझ्याकडं बघायचो. अडतीस वर्षं भाजीवाला, डॉक्टर, प्रकाशच्या शाळेतल्या बाई, गॅसवाला, सगळ्यांशी तूच बोललीस. कारखान्यात हिंदी चालायचं, बाहेर तू. पण मरीनावर मी तुझ्याकडं बघितलं की तू तोंड समुद्राकडं फिरवायचीस. हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं करायचीस. मी म्हणायचो, ओल्या वाळूवरनं हिचं अजून फुगलेलंच आहे. मग आपला मीच हातवारे करायचो. ऐकून ऐकून एक वाक्य आलं. एंगे विळुंदुचु. कुठं पडलं? तेवढंच.

सहा सोमवार झाले आपले. सातव्याच्या आधी गुरुवार आला. सकाळी तू शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होतीस. मी पेपर वाचत होतो. तू म्हणालीस, "अहो, जरा पाणी." मी म्हणालो, "हा एवढा रकाना संपू दे." पाणी घेऊन आलो तेव्हा तू भिंतीला टेकली होतीस. एवढंच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की लगेच आणलं असतं तरी काही झालं नसतं. ते असं सगळ्यांनाच सांगत असतील. पण मी ते धरून ठेवलंय. सोडणार नाही. तो रकाना कशाचा होता ते मला आज आठवत सुद्धा नाही, आणि मी आता पेपर बंद केलाय.

अस्थी मरीनाच्या पाण्यातच सोडल्या. प्रकाशला नाशिकला न्यायच्या होत्या. मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हा कळलं नाही. भटजींनी माझ्या हातात एक नाणं ठेवलं आणि ते पण तुझ्याबरोबर सोडा म्हणाले. पोलादाचं होतं, हाताला कळलं. लाट आली आणि घेऊन गेली. त्या लाटेतनं मागं येताना माझ्या ध्यानात आलं की आता ओल्या वाळूत मी मशीन कधीच नेणार नाही. ते भांडण संपलं, सुमन. त्यात तू खरी. पडलेलं आणि सोडलेलं यात फरक आहे.

महिनाभर मशीन दाराआड उभं होतं. मग एका रविवारी सेल्वी वर आली. डब्यात रसम होतं. तिला ऑफिसमुळं हिंदी येतं. म्हणाली, "अंकल, उद्या सोमवार आहे."

"मग?"

"मग काय? जा. सकाळी या खिडकीतनं तुमचं खोकणं ऐकून माझा नवरा आजारी पडायला आलाय."

बायका असल्याच. गेलो.

मुत्तुलक्ष्मीनं मला लांबनं बघितलं आणि डाव वर केला. मग माझ्या मागं बघितलं. आणि विचारलं, "अम्मा एंगे?"

प्रश्न मला कळला. 'एंगे' तर माझ्याच वाक्यातलं. तरी मी काय केलं असेल? मी मागं वळून बघितलं, उत्तर तू देशील म्हणून.

मागं नुसती वाळू. मी परत वळलो, तोंड उघडलं, आणि शब्दच नाही. मराठीत होते, हिंदीत होते, पण या बाईला हिंदी येत नाही हे मला माहीत होतं. तिला वाटलं तू मागनं येतेयस. तिनं दोन प्लेटा लावल्या. मी एक खाल्ली. दुसऱ्या प्लेटकडं ती बघत राहिली, रस्त्याकडं बघत राहिली. मी मशीन पिशवीतनं बाहेर सुद्धा काढलं नाही. दुसरी प्लेट कागदात बांधून घेतली आणि गाडी पकडली.

घरी येऊन सेल्वीचं दार वाजवलं. म्हटलं, "माणूस गेलं असं तमिळमध्ये कसं म्हणतात?" तिनं दार पुरतं उघडलं, मला आत घेतलं. मग म्हणाली, "पेपरात लिहितात ते एक आहे. घरात म्हणतात ते वेगळं." म्हटलं, घरातलं सांग. तिनं सांगितलं. अम्मा तवरिट्टांगा. मी ते देवनागरीत लिहून घेतलं. आठवडाभर म्हणत होतो. आंघोळ करताना, तांदूळ निवडताना. त्या 'ट्टां'वर जीभ अडखळायची. अडतीस वर्षांत तमिळचं पहिलं वाक्य नीट पाठ केलं ते हे. दुसरं कुठलं तरी करायचं होतं, सुमन. कितीतरी होती.

पुढच्या सोमवारी, म्हणजे या सोमवारी, तिच्या गाडीपुढं उभा राहिलो. गिऱ्हाइकं होती. ती म्हणाली, "अम्मा एंगे?" आणि मी म्हणालो. सगळं वाक्य. न अडखळता.

मुत्तुलक्ष्मीनं आधी गॅस बंद केला. एकजण चटणी मागत होता, त्याच्या अंगावर ती अशी ओरडली की तो प्लेट ठेवून निघून गेला. मग ती गाडीच्या पलीकडनं आली, वाळूत बसली, मला हातानं खाली बसवलं, आणि पदर तोंडाला लावून रडली. तू गेलीस तेव्हा घरात बायका आल्या होत्या, सगळ्या रडल्या, मी बघत होतो. इथं मात्र मलाही आवरेना. माझं रडणं पण वाळूतच झालं सगळं.

मग डोळे पुसून ती बोलायला लागली. हिंदीत!

मोडकं, पण माझ्यापेक्षा वाईट नाही. म्हटलं, "तुला हिंदी येतं?"

"ताता, माझी गाडी मरीनावर आहे. हिंदी येतं, तेलुगू येतं, बंगाली माणसाला गंडवण्यापुरतं बंगाली पण येतं."

"मग इतके दिवस माझ्याशी तमिळ का बोलत होतीस?"

"अम्मानं सांगितलं होतं. म्हणाली, याच्याशी हिंदी बोललीस तर मी तुझ्याकडं इडली खाणार नाही. याला कुणी सोपं करून देऊ नका."

म्हणजे ते समुद्राकडं तोंड फिरवणं. ते फुगणं नव्हतं.

मुत्तुलक्ष्मी म्हणाली, एकदा तिनं तुला विचारलं होतं, एवढं गाव-गाव करतो तर जात का नाही नवऱ्याबरोबर? तू म्हणालीस, "तिथं मी पाटलांची मधली सून. इथं मला लोक माझ्या नावानं ओळखतात." हे तू मला पण सांगितलं होतंस. दहा वेळा तरी. मला वाटायचं हे नुसतं भांडायसाठी काढतेस. इडलीवाल्या बाईच्या तोंडून मोडक्या हिंदीत ऐकलं तेव्हा ते डोक्यात शिरलं. सासरी तुला सगळ्यांनी 'मधली' म्हणूनच हाक मारली. मी पण.

मग तिनं आणखी एक सांगितलं. सांगू की नको करत सांगितलं. तू म्हणाली होतीस, "मी आधी गेले तर हा माणूस इथं टिकणार नाही. चटणी मागता येत नाही त्याला. मुलाकडं पळेल."

मला राग आला. खरंच आला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावलो आणि बरं वाटलं. महिना-दीड महिना सगळे माझ्याशी हळू बोलत होते. तूच एक अशी, जाऊनसुद्धा टोमणा मारलास.

मशीन बाहेर काढलं. तेवढ्यात एक माणूस आला, बायको बरोबर, कडेवर लहान मूल. माणूस खिसे चाचपत होता, बायको त्याला बोल बोल बोलत होती. स्कूटरची किल्ली. मी मुत्तुलक्ष्मीकडं बघितलं. तर ही बाई, आत्ता माझ्याशी घडाघडा हिंदी बोललेली बाई, डाव हातात घेऊन समुद्राकडं तोंड करून उभी राहिली!

म्हटलं, ठीक आहे. "एंगे विळुंदुचु?"

त्यानं लांबलचक काही तरी सांगितलं. मला चार शब्द कळले. मूल, पाणी, पळणं, इथं. बायकोनं हातानं रेघ दाखवली. मी पावलं टाकत गेलो, एक पट्टा सरळ, मग त्याच्याशेजारी दुसरा, शेतात नांगर चालतो तसा. बाटलीचं बूच निघालं. खिळा निघाला. ती माणसं अस्वस्थ व्हायला लागली. मी हात वर करून म्हणालो, "सेरी, सेरी," म्हणजे असू दे, होईल. पाण्याच्या अलीकडं, अगदी पाय भिजायच्या आधी, आवाज आला. जाड, फाटका आवाज, नाण्याचा नव्हे. टोपली खुपसली. किल्ली.

बायको नवऱ्याला बोलायची थांबली आणि मला काही तरी म्हणाली. ते मला अजिबात कळलं नाही. चांगलंच असणार, तोंडावरनं कळत होतं. म्हटलं, हे वाक्य सेल्वीला विचारायला पाहिजे.

काल प्रकाशला फोन लावला.

"रविवारी ये. पण भाडेकरूला नाही म्हणून सांग."

"अप्पा, काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. माझं तिकीट रद्द कर. तुझं ठेव."

"तिथं एकटे काय करणार तुम्ही? कुणाशी बोलणार? आई होती तेव्हा ठीक होतं."

"शिकतोय."

"काय शिकताय?"

"बोलायला."

मग म्हणाला, "बहात्तराव्या वर्षी?" आवाज अगदी तुझा. म्हटलं, "तुझ्या आईनं क्लास लावून दिलाय. मधनं सोडून आलो तर ती ऐकून घेणार नाही." त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. मग मी त्याला बुटांची गोष्ट सांगितली. ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू आलं, आणि मी त्याला रडू दिलं. दवाखान्यापासून तो रडलाच नव्हता. सगळी धावपळ त्यानंच केली ना.

शेवटी म्हणाला, "सहा महिने बघू. मग परत बोलू." म्हटलं बघू. पोरगं पण भांडण अर्धं ठेवायला शिकलंय.

मी हिशोब घातला, सुमन. मी पुण्याला गेलो असतो तर तू म्हणाली होतीस तसंच झालं असतं, पळाला म्हणाली असतीस. आता राहतोय, म्हणजे अडतीस वर्षं तू म्हणत होतीस तसं होतंय. गेलो तरी तू खरी, राहिलो तरी तू खरी. असं भांडण लावून जातं का कुणी? पण हरायचंच आहे तर इथं राहून हरतो. गावाला गेलो तर हरलो हे ऐकायला तिथं तुझ्या ओळखीचं कोण आहे? तिथं तू नुसती मधली. इथं मी जिना उतरलो की तीन माणसं तुझं नाव घेऊन माझी चौकशी करतात.

आज सकाळी पहिल्यांदा बाजारात एकटा गेलो. टोमॅटो बोटानं दाखवून आणले, ते काही खरं नाही. कांद्याला 'वेंगायम' म्हणालो तर बाईनं बरोबर काढून दिला आणि वर चार प्रश्न विचारले. दोनाला मान हलवली, दोन सोडून दिले. कोथिंबीर मात्र राहिली. तिचं नाव मला येत नव्हतं आणि ढिगात तीन हिरव्या जुड्या सारख्याच दिसत होत्या. परत येताना सेल्वीच्या दारात थांबून विचारलं. कोत्तमल्ली. म्हणजे आपल्या शब्दापासून काही फार लांब नाही. उद्या मागून आणतो.